ड्रॅगची रिमोट गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोष कसा शोधावा

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्यांची शेजारी-शेजारी लावलेली वेगाची शर्यत. मोठ्या गाड्यांच्या अशा शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट असते. रिमोटवर चालणारी गाडी मूळ गाडीच्या एकदशांश मापाची असल्याने तिच्यासाठी १३२ फुटांची, म्हणजे सुमारे ४० मीटरची धावपट्टी धरली जाते. दोन किलोच्या आसपास वजनाची गाडी हे अंतर दोन सेकंदांच्या आसपास संपवते आणि तेवढ्या वेळात ती मधली रेषा ओलांडून शेजारच्या पट्टीत गेली की बाद होते. आमच्या सांगली-सातारा भागात बैलगाडीची शर्यत पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तिथेही गाडीने आपला तास, म्हणजे आपली पट्टी, सोडला की वेगाला काही किंमत उरत नाही.

या खेळात नव्याने आलेली बहुतेक मुले गाडी वाकडी गेली की लगेच स्प्रिंग बदलतात, ऑइल बदलतात, नाहीतर जायरोचा, म्हणजे गाडी वळू लागली की स्टिअरिंग आपोआप सावरणाऱ्या उपकरणाचा, जोर वाढवतात. माझे म्हणणे असे आहे की पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कुठे वाकडी झाली हे ठरवावे, कारण पहिल्या दोन-तीन मीटरांत, मधल्या टप्प्यात, शेवटच्या वेगात आणि ब्रेक लावताना वाकडी होणाऱ्या गाड्यांचे आजार अगदी वेगवेगळे असतात. दोन सेकंदांत हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा सुरुवातीच्या रेषेमागे जमिनीलगत, विटेला टेकवून ठेवावा आणि धावपट्टीवर दर पाच मीटरवर फक्कीची आडवी रेघ मारावी. प्रत्येक धावेनंतर कितव्या रेघेवर गाडीने दिशा सोडली, ते वहीत लिहावे. जायरो या संपूर्ण तपासणीत बंद ठेवावा, कारण तो दोष दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो.

पहिली परीक्षा संथ वेगाची असते. गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने दहा मीटर पुढे न्यावी आणि स्टिअरिंगला हात लावू नये. ती इथेच एका बाजूला जात असेल, तर दोष बहुधा पुढच्या चाकांच्या जुळणीत किंवा ट्रिममध्ये, म्हणजे चाके सरळ राखण्याच्या रिमोटवरच्या सेटिंगमध्ये, आहे. संथ वेगात सरळ जाऊन फक्त जोर दिल्यावर ओढत असेल, तर पुढच्या भागाला हात लावू नये. कारण मागे आहे. जोर दिल्यावरचे ओढणे ट्रिम फिरवून काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सुरुवातीला सरळ वाटलेली ती गाडी जोर कमी होताच विरुद्ध बाजूला वळते.

मागच्या बाजूचा शोध टायरपासून सुरू करावा, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझी एक गाडी प्रत्येक धावेत वीस मीटरच्या रेघेवर उजवीकडे झुकत होती. मी दोन आठवडे स्प्रिंग आणि शॉकमधील (धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधील) ऑइल बदलत राहिलो. शेवटी गाडी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मामांच्या लेथच्या वर्कशॉपवर नेली. त्यांनी गाडी हातात घेतली, उलटी केली आणि एवढेच विचारले, “चाकं मोजलीस का रं?” व्हर्नियर लावला, तेव्हा मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा बरोबर एक मिलिमीटरने लहान निघाला. दोन्ही टायर एकाच पाकिटातले होते, तरी एक अधिक झिजला होता.

एक मिलिमीटर म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. १०५ मिलिमीटर व्यासाचे चाक ४० मीटरमध्ये सुमारे १२२ वेळा फिरते. व्यासात एक मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तीन मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर वाढते आणि पट्टी संपेपर्यंत मोठे चाक लहान चाकापेक्षा सुमारे ३८ सेंटीमीटर पुढे जाऊ पाहते. मागचा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) लॉक केलेला असेल, तर दोन्ही चाकांना सारखेच फिरावे लागते, त्यामुळे गाडी लहान चाकाच्या बाजूला वळते. टायर थोडे घसरत असल्याने प्रत्यक्षातला परिणाम हिशेबाइतका मोठा नसतो, पण रेषा ओलांडायला तेवढाही पुरतो. म्हणून मागचे टायर नेहमी मोजून जोडीने लावावेत, रिमवर टायर सगळीकडून पक्का चिकटला आहे ना हे अंगठ्याने दाबत पूर्ण फिरवून पाहावे आणि हब बसतो तो षट्कोनी भाग आतून झिजला आहे का, तेही तपासावे. आत पट्टा नसलेले टायर वेगात फुगतात आणि दोन टायर सारखेच फुगतील याची खात्री नसते, म्हणून गाडी शेवटच्या दहा मीटरमध्येच डोलत असेल, तर पट्ट्याचे टायर घेणे हाच उपाय आहे.

टायर पुसण्याचीही शिस्त हवी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती रस्त्यावर येते, आणि तिची बारीक धूळ कंपन्यांच्या आवारातील काँक्रीटवरही बसते. धावेआधी पट्टी झाडावी, दोन्ही टायर ओल्या फडक्याने सारख्याच वेळा पुसावेत आणि सारखेच सुकू द्यावेत. एक टायर ओलसर राहिला, तर गाडी त्याच बाजूला ओढते. नियम परवानगी देत असतील आणि टायरला पकड वाढवणारे द्रव्य लावायचे असेल, तर तेही दोन्ही टायरना एकाच वेळी लावून एकाच वेळी पुसावे.

आता सुरुवातीचे दोन-तीन मीटर, जिथे बहुतेक शर्यती हातातून जातात. टायर बरोबर असूनही गाडी सुटतानाच वळत असेल, तर मागच्या दोन चाकांवर वजन असमान पडत आहे, असे समजावे. यासाठी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा उत्तम. तो पातळी लावून सपाट बसवावा, त्यावर गाडी ठेवावी, दोन-तीन वेळा खाली दाबून सोडावी आणि पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली पेचकसाचे टोक घालून हळूहळू उचलावे. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी सुटली पाहिजेत. हीच क्रिया मागच्या बाजूनेही करावी. एक चाक आधी सुटत असेल, तर कुठेतरी पीळ आहे. तो शॉकच्या कॉलरमुळे (स्प्रिंगचा ताण कमीजास्त करणाऱ्या कड्यामुळे) असू शकतो, वाकलेल्या आर्ममुळे (चाक धरणाऱ्या दांड्यामुळे) असू शकतो, किंवा वरची प्लेट ताणून बसवल्याने चेसिसच पिळली गेली असू शकते. त्यामुळे वरच्या प्लेटचे स्क्रू सैल करून, गाडी सपाट दाबून धरून पुन्हा आवळून पाहावेत. अनेकदा एवढ्याने काम होते.

पीळ काढल्यानंतर स्वयंपाकघरातले दोन डिजिटल वजनकाटे मागच्या चाकांखाली ठेवावेत आणि पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या सरकवाव्यात. जास्त वजनाच्या चाकाला जास्त पकड मिळते आणि गाडी त्याच्या विरुद्ध बाजूला ढकलली जाते. फरक मोठा असेल, तर आधी बॅटरी किंवा मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर हलक्या बाजूला सरकवावा, कारण वजन वजनाने जुळवणे चांगले. राहिलेला थोडा फरक शॉकची कॉलर एक-दोन वळसे फिरवून काढावा.

व्हीली बारकडे फार कमी लोक लक्ष देतात. गाडी सुटताना पुढचा भाग उचलला जातो आणि मागे या बारला लावलेली छोटी चाके जमिनीला टेकून तिला उलटू देत नाहीत. ती चाके एकाच उंचीवर नसतील, तर जे आधी टेकते, त्या बाजूच्या टायरवरचा भार कमी होतो आणि गाडी तिकडे वळते. गाडी उभी असताना मी या चाकांचे जमिनीपासून साधारण ८ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करतो आणि दोन्ही बाजूंना एकच ड्रिल बिट ठोकळ्यासारखा घालून पाहतो. फार खाली ठेवलेला बार टायरना जमिनीवरून उचलतो आणि टायर नुसतेच जागेवर फिरतात. फार वर ठेवला, तर पुढची चाके हवेत राहतात. हवेतल्या चाकांनी गाडी वळवता येत नाही, हे लक्षात घेतले, तर स्टिअरिंग लागत नाही अशा तक्रारींपैकी निम्म्यांचे उत्तर मिळते. अशा वेळी पुढच्या शॉकचा खाली लोंबण्याचा प्रवास कमी करावा, मागचे ऑइल थोडे घट्ट करावे, वजन पुढे सरकवावे आणि स्पीड कंट्रोलरचा सुरुवातीचा जोर कमी करावा. यातली एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

मधल्या टप्प्यात, दहा ते तीस मीटरमध्ये, गाडी एका बाजूला न जाता नागमोडी डोलत असेल, तर ढिलेपणा शोधावा. गाडी हातात धरून पुढचे चाक बोटांनी हलवावे आणि सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर) न हलता चाक किती हलते ते पाहावे. बॉल जॉइंट झिजला असेल, सर्व्होला धक्क्यापासून वाचवणाऱ्या सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा बेअरिंग खडखडत असेल, तर ती वस्तू बदलावी. त्याला पर्याय नाही. पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली, म्हणजे अर्ध्या ते एका अंशापर्यंत टो-इनमध्ये असावीत, आणि मागे दोन-तीन अंश टो-इन ठेवले, तर वेग किंचित कमी होतो, पण गाडी शांत राहते. रिमोटवर स्टिअरिंगची पूर्ण हालचाल मोकळी ठेवू नये. माझ्या गाडीत ती चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे, कारण या वेगात बोटाचा छोटा धक्काही मोठा ठरतो.

पुढची चाके मध्येच अचानक थरथरत असतील, तर विजेकडे पाहावे. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देते, पण जुनी झालेली बॅटरी सुटण्याच्या क्षणी खूप खाली येते आणि रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरसह सर्व्होही अडखळतो. चांगली बॅटरी, जाड वायर आणि रिसीव्हरला कपॅसिटर एवढे यावर पुरते.

शेवटच्या टप्प्यात हवेचे काम सुरू होते. बॉडीची पुढची कडा उंच असेल, तर आत हवा शिरते आणि पुढचा भाग हलका होतो, म्हणून बॉडी पुढे शक्य तितकी खाली बसवावी आणि मागच्या भागात हवा बाहेर पडायला भोके पाडावीत. रेषा ओलांडल्यावर ब्रेक लावताना गाडी गरकन फिरत असेल, तर ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असल्याचे ध्यानात ठेवावे. ब्रेक लागताच वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होऊन लॉक होतात. रिमोटवरचा ब्रेकचा जोर तीस टक्क्यांवर आणावा आणि थांबायला दुप्पट जागा ठेवावी. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये आणि पट्टीच्या टोकाला कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण त्या वेगातली दोन किलोची गाडी पायाचे हाड मोडू शकते.

इतके सगळे झाल्यावर आणि जायरोशिवाय गाडी पट्टीत राहू लागल्यावरच जायरो सुरू करावा. तो चेसिसच्या कडक भागावर, दुहेरी चिकटपट्टीने सपाट बसवावा. मग गाडी हातात उचलून तिचे तोंड झटकन डावीकडे फिरवावे. पुढची चाके उजवीकडे वळली पाहिजेत. ती डावीकडे वळली, तर जायरो उलटा आहे, आणि तशी सोडलेली गाडी पहिल्या मीटरमध्येच गिरकी घेईल. दिशा बरोबर झाली की जोर थोडा थोडा वाढवत जावे, स्लो मोशनमध्ये पुढची चाके सतत थरथरताना दिसली की थांबावे आणि तिथून दोन पायऱ्या मागे यावे.