मूळपेशीसकट अख्खा स्नायुतंतू कसा सोडवायचा

सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायूची मूळपेशी, तंतूचा पडदा आणि त्यावरचं पातळ आवरण, म्हणजे बेसल लॅमिना, यांच्यामध्ये दबून बसलेली असते. अलेक्झांडर मौरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत ती पाहिली, तीही तिथेच. स्नायूचा लगदा केला की पेशी मिळतात, पण ही जागा हरवते. ती जपायची तर तंतू अख्खा काढावा लागतो.

उंदराच्या नडगीवर, टिबियालिस अँटेरियर या स्नायूच्या खाली, ईडीएल (एक्स्टेन्सर डिजिटोरम लाँगस) हा पायाची बोटं उचलणारा स्नायू असतो. दोन्ही टोकांना कंडरा कापून तो काढा. चिमट्यात फक्त कंडराच धरा. स्नायूचं पोट दाबलं गेलं तर तिथले तंतू वाया गेले म्हणून समजा.

डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या द्रव माध्यमात) 0.2 टक्के कोलॅजिनेज टाइप 1 (कोलॅजन तोडणारं विकर) विरघळवून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. स्नायू त्यात 37 अंश सेल्सिअसला साधारण 60 ते 90 मिनिटं ठेवा. घड्याळावर विसंबू नका, पाऊण तासानंतर अधूनमधून पाहत राहा. कडेचे तंतू केसांसारखे सुटे दिसू लागले की लगेच बाहेर काढा. इथे उशीर झाला तर बेसल लॅमिनाच विरते आणि पेशी गळून पडतात.

डिश आणि पिपेट आधी हॉर्स सीरमने धुऊन घ्या, नाहीतर तंतू चिकटून तुटतात. पाश्चर पिपेटची कापलेली कड ज्योतीवर गुळगुळीत करा. मग कोमट डीएमईएमचा हलका झोत स्नायूवर सोडत राहा. निरोगी तंतू लांब, सरळ, चमकदार दिसतो. मेलेला आखडून आखूड आणि काळपट होतो. डिश इन्क्युबेटरबाहेर दहा मिनिटांपेक्षा जास्त राहू देऊ नका.

निवडलेले तंतू लगेच 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये 10 मिनिटं स्थिर करा. विश्रांतीतल्या पेशीत पॅक्स7 हे मूळपेशीची खूण असलेलं प्रथिन दिसतं, पेशी जागी झाल्यावर येणारं मायोडी नाही. पण स्नायू कापणं हीच पेशीसाठी इजा असते आणि काही तासांतच मायोडी उमटतं. त्यामुळे निवडण्यात रेंगाळलात तर 'शून्य तास', म्हणजे पेशी जाग्या होण्याआधीचा नमुना, नावापुरताच उरतो.

उरलेले तंतू 20 टक्के सीरम आणि 1 टक्का कोंबडीच्या भ्रूणाचा अर्क घातलेल्या माध्यमात वाढवा. 24 तासांनी बहुतेक पेशींत पॅक्स7 आणि मायोडी दोन्ही असतात. 72 तासांनी तंतूवर गुच्छ दिसतात: मायोडी सोडून पुन्हा राखीव होणाऱ्या पेशी फक्त पॅक्स7 दाखवतात, तर स्नायू बनायला निघालेल्यांत मायोजेनिन येतं. मोजणी तंतूगणिक लिहा. सगळ्यांची बेरीज केली, तर चारदोन मोठे गुच्छच आकडा फुगवतात.