घारापुरीसारख्या बेटावर सर्व्हे करायचाय? आधी लाँचचं टाइमटेबल पाठ करा

दरवर्षी एमएच्या डेझर्टेशनचा सीझन आला की कोणीतरी विचारतंच, बेटावरच्या लोकांच्या उत्पन्नावर, पर्यावरणावर काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. मी स्वतः घारापुरीवर हे करून, अर्धं चुकवून, परत करून बसलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

घारापुरी म्हणजे आपलं एलिफंटा हो. गेटवेवरून लाँचने तासाभरावर, पण तालुका उरण आणि जिल्हा रायगड. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या, वस्ती हजाराच्या आसपास. एवढ्याशा वस्तीत सँपल-बिंपल काढत बसू नका, सगळी घरं करा. आणि कुलूप लागलेली घरं सोडून पुढे जाऊ नका, शेजारी विचारा ते लोक कुठे गेले, कधी गेले, कशासाठी. ज्यांना बेट परवडलं नाही ते तिथे नाहीतच ना, फक्त उरलेल्यांना विचारलंत तर सगळं बरं चाललंय असंच उत्तर येणार.

आता मुख्य गोष्ट. प्रश्नावलीत "महिन्याचं उत्पन्न किती" हा प्रश्न पहिला असेल तर खोडा. बेटावर सगळा हिशोब फेरीवर चालतो. तांदूळ, गॅस, सिमेंट, दवाखाना, कॉलेज, सगळ्याला बोटीचा पैसा आणि त्याहून जास्त म्हणजे बोटीची वाट बघण्याचा वेळ लागतो. तर असं विचारा: मागच्या आठवड्यात घरातून कोण कोण पलीकडे गेलं, कशाला, किती वाजता निघालं, किती वाजता परत आलं, त्या दिवसाचा रोज बुडाला का. आणि एक प्रश्न तर ठेवाच, "शेवटचं रात्री कोणी आजारी पडलं तेव्हा काय केलंत?" कोणाची बोट, पैसे किती, कोणाकडून उसने, सकाळपर्यंत थांबलात का. या एका प्रश्नाला जे मिळतं ते बाकी पानभर चौकोनात मिळत नाही.

मासेमारीचं उत्पन्न विचारताना तारीख विसरा, तिथी धरा. डोल म्हणजे वाहत्या पाण्यात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, ते लावणाऱ्याला पाण्याचा जोर लागतो, म्हणजे पुनव-अवसेच्या उधाणाला मासळी जास्त आणि अष्टमीच्या आसपास भांगाला जेमतेम. तुम्ही भांगात जाऊन "या आठवड्यात किती कमावलं" विचारलंत आणि चाराने गुणलंत की झाला बट्ट्याबोळ. उधाण वेगळं विचारा, भांग वेगळं. जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ते दोन महिने वेगळे. बायका ओहोटीला खडकावर कालवं काढतात, तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या शोधतात, ते सहसा कोणी उत्पन्न म्हणून सांगतच नाही कारण निम्मं घरीच खाल्लं जातं. ते खोदून विचारा, बाजारभाव लावून मांडा. नाहीतर उद्या तिवरं गेली तर नुकसान शून्य, असं तुमचाच तक्ता म्हणेल. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकरा वाजता, ढोबळ आहे पण चालतो, भरतीला कालवंवाल्या बायका घरी भेटतात.

टुरिझमसाठी पर्यटकाच्या शंभर रुपयाचा पाठलाग करा. लाँचचं भाडं लाँचवाल्यांकडे, लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याकडे, ग्रामपंचायतीची वेगळी छोटी पावती, मग पायऱ्यांवरची दुकानं, हॉटेलं. दुकानात विकलेल्या टोपीतलेही बरेचसे पैसे माल आणला त्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडेच जातात, तेव्हा विक्री विचारू नका, हातात काय उरलं ते विचारा. कचऱ्याचा खर्चही इथेच मांडा: बाटल्या पर्यटकांच्या, उचलतं कोण, नेतं कुठे, पैसे कोण देतं. दुकानदारांची मुलाखत सोमवारी घ्या, लेणी बंद असतात, रविवारी गेलात तर गिऱ्हाईक सोडून कोण तुमच्याशी बोलणार.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे "वीज आल्यावर काय बदललं". समुद्राखालून केबल टाकून २०१८ च्या फेब्रुवारीत वीज आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. पण २०२० च्या मार्चमधे लॉकडाऊन लागला आणि पर्यटक शून्यावर, म्हणजे मधे जेमतेम दोन सीझन. नुसतं आधी-नंतर केलंत तर विजेचा परिणाम आणि कोरोनाचा परिणाम यांची भेळ होणार. म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावरचं न्हावा किंवा करंजा गाव तुलनेला घ्या, तिथे वीज जुनीच आहे आणि लॉकडाऊन दोन्हीकडे सारखाच होता, तरी पर्यटनावर जगणारी घरं वेगळी काढा कारण तो फटका करंजाला तसा बसलाच नाही. मासळी कमी झाली तर "बंदरामुळे" (म्हणजे न्हावा-शेवाचं मोठं बंदर) हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं, चूक असेल असं नाही, पण आठवणीवर तो दोष सिद्ध होत नाही. साल विचारू नका, कोणाला आठवत नाही. "वीज यायच्या आधी की नंतर", "२६ जुलैच्या पावसाच्या आधी की नंतर" असं विचारा.

माझा गाढवपणा सांगतो. उरणला मोरा बंदर आहे, बेटावर मोराबंदर वाडी आहे. आम्ही एक्सेलमधे दोन्हीला "मोरा" लिहिलं. दोन महिने आमच्या तक्त्यात लोक मोऱ्याहून मोऱ्याला बाजाराला जात होते आणि खर्च शून्य, मी त्यावर "स्थानिक बाजारपेठेची उपलब्धता" असा परिच्छेदसुद्धा लिहिला होता. गाइडने नाही पकडलं, शेतबंदरच्या एका काकूंनी पकडलं, तक्ता दाखवला तर म्हणाल्या, "अरे, आमच्या मोऱ्याला कुठला बाजार?" तेव्हापासून जागांना नंबर देतो, आणि छापायच्या आधी तक्ता बेटावर नेऊन दाखवतो. नेताना तीन वाड्या वेगळ्या छापू नका, "दोन बोटी आणि फ्रीज असलेलं घर" एवढं लिहिलं तरी कोणाचं ते सगळ्यांना कळतं.