एका 'टू एमबी' लाइनीवर किती मोडेम? हिशेब असा करा

धरमपेठेतल्या घराचा माळा आवरताना भाच्याच्या हाती दोन वस्तू लागल्या. एक धुळीने माखलेला मोडेम, म्हणजे संगणकाचा डेटा फोनच्या तारेवरून पाठवणारा डबा, त्यावर वेग ३३.६ छापलेला, आणि माझ्या जुन्या नोकरीतली वही, तिच्यात नोंद: 'टू एमबी, १ नग', म्हणजे सेकंदाला २०४८ किलोबिट नेणारी एक डिजिटल लाइन. "मामा, या एका लाइनीवर असे किती डबे चालले असते?" असं विचारून त्याने मोबाइलवर २०४८ भागिले ३३.६ केलंसुद्धा. उत्तर आलं ६१ च्या आसपास. "गणित तर बरोबर येऊन राहिलं ना?" गणित बरोबर होतं, उत्तर चुकलं होतं. आता क्रमाने बघू.

१. आधी एकक नीट करा. लाइनीचा वेग बिटमध्ये मोजतात आणि इथला 'किलो' म्हणजे १०००. १०२४ हा आकडा फाइलींच्या हिशेबाचा, तो इथे आणू नका. म्हणजे ३३.६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिट, आणि टू एमबी म्हणजे नेमके २,०४८ केबीपीएस.

२. बॉड दिसलं की थांबा. बॉड म्हणजे तारेवरचा सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो ते. ३०० च्या मोडेममध्ये एका बदलात एकच बिट जायचा, म्हणून बॉड आणि बिट सारखेच होते. तिथून लोकांना सवय लागली ती लागलीच. पुढचा २४०० चा मोडेम मुळात ६०० बॉडचा, एका बदलात ४ बिट. ९६०० चा मोडेम २४०० बॉडचा, तिथेही ४ बिट. त्यामुळे कुणी '९६०० बॉडचा मोडेम' म्हटलं तर त्याला बिटच म्हणायचे असतात, असं धरून चाला.

३. डिजिटल बाजूला ६४ ने मोजा. एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. गुणाकार केला की ६४,००० बिट. एका कॉलची ही जागा, म्हणजे टाइमस्लॉट. आपल्याकडच्या ई-१ मध्ये, म्हणजे टू एमबीमध्ये, असे ३२ स्लॉट. अमेरिकेतल्या टी-१ मध्ये २४, त्यांचे १,५३६ आणि वर चौकट (सगळ्या स्लॉटांची एक फेरी) जुळवायला ८, असे १,५४४ केबीपीएस. दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि आपल्या सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठेवली होती. म्हणजे अवघे चार स्लॉट!

४. आता मुख्य प्रश्न: वेग मोजायचा की कॉल? सगळी गडबड इथेच होते. टू एमबी म्हणजे ३२ सीटांची एसटी समजा. शून्य क्रमांकाच्या सीटवर चौकट जुळवणारा बसतो, सोळावीवर कॉल लावणं-तोडणं सांभाळणारा. उरल्या ३०. प्रत्येक मोडेम एक फोन कॉल करतो, म्हणून त्याला एक अख्खी सीट लागते. तो ३३.६ चा असो की ३०० चा. सीटवर पोतं ठेवा नाहीतर एक संत्रं, सीट गेलीच. त्यामुळे वेगाच्या भागाकाराने ६१ येत असले तरी प्रत्यक्षात मोडेम ३०च. ९६०० चे मोडेम घेतले तर वेगाने २१३ येतील, कॉल तरीही ३०.

वेगाचा भागाकार फक्त 'ही लाइन त्या मोडेमच्या किती पट वेगवान' एवढंच सांगतो. त्यासाठी तो खुशाल वापरा.

५. फाइल पाठवायला लागणारा वेळ काढायचा असेल तर बाइटवर या, एक बाइट म्हणजे ८ बिट. जुने मोडेम प्रत्येक अक्षराच्या मागे-पुढे एकेक बिट जोडायचे, म्हणून साधारण १० ने भागा. डिजिटल लाइनीला ८ ने. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट असतात. २४०० च्या मोडेमवरून सेकंदाला २४० बाइट, म्हणजे ६,१४४ सेकंद: एक तास ४२ मिनिटं. ३३.६ वर सव्वासात मिनिटांच्या थोडं वर. टू एमबी डेटासाठी घेतली तर कॉल नसल्याने सोळावाही मोकळा, म्हणजे ३१ स्लॉट हाताशी, सेकंदाला २,४८,००० बाइट, म्हणजे फ्लॉपी सहा सेकंदांत पार. तेव्हा आम्ही फ्लॉपी खिशात घालून सायकलने सीताबर्डीला का जायचो, ते भाच्याला त्या एक तास ४२ मिनिटांवरून कळलं.

एक सूचना: मोडेमवर छापलेला वेग धरू नका, जोडणी झाल्यावर पडद्यावर आलेला धरा. ३३.६ च्या मोडेमवर 'कनेक्ट ३१२००' आलं तर हिशेब ३१.२ ने.

शेवटी भाच्याला एक गणित घातलं: ३३.६ चे ४५ मोडेम एकाच वेळी चालवायचेत, टू एमबी किती घेशील? गुणाकाराने १,५१२ केबीपीएस होतात, एकीत आरामात मावल्यासारखे वाटतात. त्याने थोडा विचार केला, ४५ ला ३० ने भागलं. दीड. दीड एसटी काही मिळत नाही, त्याने दोन लिहिल्या.