द्रव, द्रव्य, द्रावण: रसायनशास्त्राची पहिली चाचणी काढताना या चुका टाळा

नववीच्या एका उत्तरपत्रिकेत मला हे वाक्य सापडलं: 'पाणी उकळताना त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे बाहेर पडतात.' त्याच मुलीने वरच्या प्रश्नात भौतिक बदलाची (पदार्थ तोच राहतो, फक्त त्याचं रूप बदलतं) व्याख्या शब्दन्‌शब्द बरोबर लिहिली होती आणि उदाहरण दिलं होतं 'पाण्याचे उकळणे'. व्याख्येला दोन गुण, उदाहरणाला एक. तिन्ही गुण मी दिले आणि नियमाने ते बरोबरच होते. पण उकळताना पाण्याचे रेणू तुटतात आणि दोन वायू निघतात, ही चुकीची समजूत तिच्या मनात पक्की बसली होती. (ते बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे असतात.) बुडबुड्यांचा प्रश्न मी अगदी शेवटी, पेपरची बेरीज १९ येत होती म्हणून एका गुणासाठी घातला होता. तो घातला नसता तर मला हे कळलंच नसतं.

मुंबईतल्या मराठी आणि सेमी-इंग्रजी वर्गांना मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आहे. त्या पेपरपासून प्रश्न काढताना एक गोष्ट आधी बघते: याचं उत्तर चुकलं तर मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळेल का? कळणार नसेल तर प्रश्न बदलते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

शब्दांतच मूल अडकतं

द्रव (पातळ पदार्थ), द्रव्य (कोणताही पदार्थ), द्राव (विरघळतो तो), द्रावक (ज्यात विरघळतो तो), द्रावण (दोन्ही मिळून होतं ते), द्रवणांक (वितळण्याचं तापमान). हे सहा शब्द पहिल्या दोन धड्यांत एकापाठोपाठ येतात आणि आपण शिक्षक ते सराईतपणे बोलून जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पेपरच्या घाईत ते सगळे एकसारखे दिसतात. 'द्रव्याच्या अवस्था लिहा' या प्रश्नाला 'पाणी, दूध, रॉकेल' असं उत्तर आलं, तर त्या मुलाने 'द्रव्य' हा शब्द 'द्रव' असा वाचलेला असतो. त्याला अवस्था येतात की नाही, हे त्या उत्तरावरून सांगता येत नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांची गोची वेगळी. त्यांना 'सोल्यूशन' म्हणजे गणिताचं उत्तर माहीत असतं, आणि 'मास', 'मॅटर', 'मटेरियल' एकाच खिशात पडलेले असतात.

यावर उपाय साधा आहे. त्या शब्दांची ओळख हीच परीक्षा असेल तर तसा वेगळा प्रश्न घाला: एका कपात पाणी आणि साखर दाखवा, द्राव कोणता, द्रावक कोणता, द्रावण कोणतं ते विचारा. बाकीच्या प्रश्नांत शब्दाशेजारी वस्तू येऊ द्या. 'द्रव्याच्या अवस्था' ऐवजी 'लोखंड, पाणी, हवा ही सगळी द्रव्यं आहेत. त्यांच्या अवस्था लिहा' असं विचारलं की वाचनाची चूक आपोआप बाहेर पडते.

दुसरी जोडी वितळणे आणि विरघळणे यांची. घरी 'साखर वितळली' असं सर्रास म्हटलं जातं, त्यामुळे पेपरात ते उतरलं तर लाल रेघ मारून पुढे जाऊ नका. तो बोलण्यातला शब्द आहे की खरंच गोंधळ आहे, ते तपासायला दोन कृती समोरासमोर ठेवा: चहात साखर घालून ढवळली, कढईत कोरडी साखर तापवली आणि ती पातळ झाली. दोन्हींत पाणी कुठे आहे, हे मुलाला लिहायला लावा. (कढईतली साखर पुढे तपकिरी व्हायला लागली की तिथे रासायनिक बदलही सुरू झालेला असतो. पहिल्या चाचणीत तो भाग विचारू नका.)

तसाच शब्द 'गॅस'. मुंबईच्या स्वयंपाकघरात गॅस म्हणजे शेगडीला येतो तो. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन-ब्युटेनचा असतो आणि दाबाखाली आत द्रवरूपात भरलेला असतो. इमारतीत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, आणि तो पाइपमध्ये वायूच असतो. 'गॅसचा सिलिंडर हलवला की आत काहीतरी डचमळतं, ते काय?' हा प्रश्न विचारून बघा. वायू ही अवस्था आहे, पदार्थाचं नाव नव्हे, हे कोणाला कळलंय ते लगेच दिसतं.

दोन बरोबर उत्तरं असलेला प्रश्न

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचा फटका हुशार मुलाला बसतो.

'कापूर: भौतिक बदल की रासायनिक?' कापूर हा पदार्थ आहे, बदल नाही. डबीत ठेवलेला कापूर महिनाभरात लहान होत जातो, ते संप्लवन (घनाचा थेट वायू होणं), म्हणजे भौतिक बदल. आरतीच्या तबकात तोच कापूर पेटवला की ज्वलन, म्हणजे रासायनिक बदल. प्रश्नात कृती लिहिलेली नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर. मेणबत्तीचंही तेच: मेण वितळतंही आणि जळतंही. म्हणून पदार्थाचं नाव देऊन थांबू नका, त्याचं काय झालं ते लिहा. संप्लवनाच्या यादीत नवसागर (अमोनियम क्लोराइड) ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पण नवसागर तापवल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू वेगळे होतात आणि थंड भागावर पुन्हा एक होतात. ज्या प्रश्नात 'फक्त भौतिक बदल' असे शब्द आहेत, तिथून नवसागर काढून टाका.

दुधाचा प्रश्न असाच. 'दूध: समांगी (सगळीकडे एकसारखं) की विषमांगी मिश्रण?' पिशवीतलं दूध पातेल्यात ओतलं तर डोळ्यांना ते अगदी एकसारखं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्निग्धाचे थेंब तरंगताना दिसतात, म्हणून ते कलिल (बारीक कण किंवा थेंब पसरलेलं मिश्रण) आणि म्हणून विषमांगी. मुलाने 'समांगी' लिहिलं तर त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि तेच आपण त्याला विज्ञानाच्या तासाला शिकवत असतो. एका गुणाच्या प्रश्नात दूध नको. घालायचंच असेल तर सूक्ष्मदर्शकातलं चित्र द्या आणि कारण मागा.

आता तापमान. 'सामान्य तापमानाला द्रव असणारा धातू कोणता?' ठरलेलं उत्तर पारा. पण गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सिझियम २८.५ ला. मे महिन्यात मुंबईतल्या वर्गात पंख्याखालीसुद्धा तापमान त्याच्या वर असतं, म्हणजे त्या खोलीत हे दोन्ही धातू द्रवच असतील. ज्या मुलाने कुठेतरी वाचून 'गॅलियम' लिहिलं, त्याला शून्य कसा द्यायचा? प्रश्नात '२५ अंश सेल्सिअसला' एवढंच लिहा. मग उत्तर पक्कं होतं: धातूंत पारा, अधातूंत ब्रोमीन.

याच्या उलट बाजूला एक सुंदर प्रश्न आपल्याच घरात आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं. मुंबईत वर्षभर बाटलीतून सहज ओतता येणारं तेल डिसेंबरच्या एखाद्या सकाळी घट्ट झालेलं असतं. बाटली उन्हात ठेवली की ते आधी मऊ होतं, मग अर्धं पातळ, मग पूर्ण. बर्फ असा मऊ होत नाही, तो शून्य अंशालाच वितळतो. 'दोघांत फरक का?' या प्रश्नातून शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांची समज जितकी कळते, तितकी पाठ केलेल्या तक्त्यातून कळत नाही. आणि इथे 'शुद्ध' या शब्दाकडेही बघा. डब्यावर 'शुद्ध तेल' लिहिलेलं असतं म्हणजे भेसळ नसलेलं. रसायनशास्त्रात ते मिश्रणच. मुलं इथे हमखास फसतात आणि त्यांची चूक समजण्यासारखी आहे.

भागाकार आला म्हणजे घनता आली असं नाही

'वस्तुमान ५४ ग्रॅम, आकारमान २० घन सेंटिमीटर. घनता काढा.' उत्तर २.७, धातू ॲल्युमिनियम, सगळे खूश. आता ३० ग्रॅम आणि ५० घन सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा द्या. वस्तुमानाला आकारमानाने भागून उत्तर ०.६ यायला हवं, पण बरीच मुलं १.६७ लिहितात, कारण मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं एवढंच त्यांनी उचललेलं असतं. पुढे विचारा, 'हा ठोकळा पाण्यात तरंगेल का?' पाण्याची घनता १, तिच्याहून जास्त घनतेचा ठोकळा बुडतो. ज्याने १.६७ काढून 'तरंगेल' लिहिलं, त्याने पाहिलेलं लाकूड आणि काढलेलं गणित दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलं आहे. त्याला बोलवून नुसतं तेवढंच दाखवा. चूक तो स्वतः दुरुस्त करतो.

यापेक्षाही चांगला प्रश्न आकड्यांशिवायचा: 'साबणाची वडी मधोमध कापली. एका अर्ध्याची घनता किती झाली: अर्धी, दुप्पट की तेवढीच?' ज्यांना सूत्र तोंडपाठ असतं त्यांतलीही कित्येक 'अर्धी' लिहितात. मला विचाराल तर पहिल्या चाचणीत घनतेवर एकच प्रश्न ठेवायचा झाला तर मी हाच ठेवीन.

'वजन' आणि 'वस्तुमान' यांवरून गुण कापू नका. बाजारात सगळेच वजन म्हणतात. फरक शिकवा, पण तो न्यूटन हे एकक शिकवल्यावरच तपासा.

संज्ञा आणि मोठं-लहान अक्षर

आज ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. पहिल्या चाचणीला पहिली वीस आणि रोजच्या वापरातले आठ-दहा धातू पुरतात. सोडियम, पोटॅशियम, लोह, तांबे, चांदी, सोने, शिसे, कथिल यांच्या संज्ञा नॅट्रियम, कॅलियम, फेरम, क्युप्रम, अर्जेंटम, ऑरम, प्लंबम, स्टॅनम या जुन्या नावांवरून आल्या आहेत. ती नावं एकदा सांगितलीत तर पाठांतराचं ओझं निम्मं उतरतं.

खरी अडचण अक्षरांची आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन अक्षरं नसतातच. मराठी माध्यमाच्या मुलाला रोमन अक्षराचा लहान-मोठेपणा हा हस्ताक्षराचा भाग वाटतो. कोबाल्टच्या संज्ञेतलं (Co) दुसरं अक्षर मोठं काढलं (CO) की तो कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे धातूच्या जागी विषारी वायू. फक्त गुण कापून हे कळत नाही. दोन्ही लिहून शेजारी ठेवा आणि 'यातलं मूलद्रव्य कोणतं, संयुग कोणतं?' असं विचारा.

पर्याय लिहिताना

चुकीचा पर्याय हा कोणीतरी खरंच करतं त्या चुकीतून यायला हवा. 'यांतील मूलद्रव्य नसलेले: सोने, चांदी, तांबे, पितळ' हे बरं, कारण पितळ हा तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू असून घरात तो इतर धातूंसारखाच वावरतो. पितळेच्या जागी 'लाकूड' लिहिलंत तर प्रश्न वाया गेला. बरोबर पर्यायच सगळ्यांत लांब होत नाही ना, तेही बघा.

आणि 'नाही' जपून वापरा. मराठीत तो वाक्याच्या शेवटी येतो. 'खालीलपैकी कोणता रासायनिक बदल नाही?' वाचताना मुलाची नजर 'रासायनिक बदल' पर्यंत जाते आणि पर्यायांकडे उडी मारते. शक्यतो वाक्य सरळ करा. जमत नसेल तर 'नाही' ठळक छापा.

चित्र काढा

चार चौकोन. एकात सुटे काळे गोल. दुसऱ्यात दोन-दोन पांढरे गोल चिकटलेले. तिसऱ्यात एक काळा-एक पांढरा अशा जोड्या. चौथ्यात सुटे काळे आणि जोडीतले पांढरे एकत्र. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण कोणतं ते विचारा. दुसऱ्या चौकोनाला 'संयुग' म्हणणारी मुलं भरपूर निघतात. त्यांच्या मते जोडी झाली की संयुग झालं. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि तरी तो मूलद्रव्यच, हे त्यांनी दहा वेळा ऐकलेलं असतं. चित्रापुढे बसल्यावरच ते ऐकलेलं आणि समजलेलं यांतलं अंतर दिसतं. पेपर काढायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण हा प्रश्न सोडू नका.

तपासताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि चुकीची उत्तरं जशीच्या तशी टिपत जा, पुढे रेघा मारत. गठ्ठा संपला की तीन-चार चुकाच पुनःपुन्हा आलेल्या दिसतात. पुढचा तास त्यांचा. तीन आठवड्यांनी तीच गोष्ट दुसऱ्या वस्तूवर विचारा: लाकडाऐवजी बर्फ, कापराऐवजी डांबराची गोळी.

प्रात्यक्षिकात

पांढऱ्या पुडी ओळखायला दिल्यात तर 'चव घेऊ नये' हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर छापा. मीठ-साखर म्हटलं की बोट आपोआप जिभेकडे जातं.

एका वर्षी पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, मोजायचा होता. एका मुलीने ९८.५ लिहिलं. बाकीच्या सगळ्यांचं नेमकं १०० आलं होतं. मी तिचा गुण कापला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, पण काटा तिथेच थांबला होता. मी दोनदा बघितलं." मग मी स्वतः ती तापमापी उकळत्या पाण्यात धरली, आणि ती ९८.५ लाच थांबली. तापमापीचा बराच भाग पाण्याबाहेर, थंड हवेत राहिला की ती कमी दाखवू शकते. स्वस्त तापमापीत मुळातच अर्ध्या-एक अंशाचा दोष असतो, आणि पावसाळ्यात हवेचा दाब थोडा उतरतो त्यानेही किंचित फरक पडतो. ज्यांचं १०० आलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी पुस्तकातला आकडा उतरवला होता आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले होते.

तिचा गुण मी त्याच दिवशी वाढवला, वर्गासमोर, कारण सांगून. आता माझ्या प्रात्यक्षिकाच्या कागदावर दोन ओळी छापलेल्या असतात. पहिली: 'तापमापीवर दिसलं तेवढंच लिहा.' दुसरी: 'पुस्तकात १०० अंश दिलं आहे. तुमचं वेगळं आलं असेल तर त्याचं एक संभाव्य कारण लिहा. (२ गुण)'