शाळा बुडलेल्या मुलाला पुन्हा वाचतं कसं करायचं: अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

२०१९ च्या जूनमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात पहिलीत बसलेल्या मुलाचा हिशेब मांडून बघा. ऑगस्टमध्ये महापूर आला. काठावरच्या शाळा पाण्यात गेल्या, उंचावरच्या शाळांत पूरग्रस्त राहायला आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. दुसरीचं अख्खं वर्ष मोबाईलवर, आणि घरातला एकुलता एक मोबाईल दिवसभर वडिलांच्या खिशात. तिसरी सुरू होते न होते तोच जुलै २०२१ चा महापूर. बाराखडी, जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी पक्की होण्याची जी तीन वर्षं असतात, नेमकी तीच गेली. ही मुलं आता मोठ्या वर्गांत पोचली आहेत. त्यांच्यातल्या ज्यांना मुळातच अध्ययन अक्षमता होती, म्हणजे समज चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड अवघड जात होती, त्यांची अडचण "कोविडमुळं मागं पडलाय" या एका वाक्याखाली झाकली गेली.

शाळा बुडणं तेवढ्यावर थांबलेलं नाही. पावसाळ्यात सुट्ट्या पडतात. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या इकडच्या कारखान्यांवर येतात, त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची गावाकडची शाळा मार्चपर्यंत सुटते. इतर मुलं अशा खंडानंतर महिन्या-दोन महिन्यांत रुळावर येतात, कारण त्यांचं वाचन एकदा अंगवळणी पडलेलं असतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला प्रत्येक अक्षरासाठी अजूनही जोर लावावा लागतो. रोजचा सराव थांबला की आलेलंही निसटतं. म्हणून या मुलांच्या बाबतीत माझं पहिलं आणि ठाम सांगणं आहे: पोर्शन भरून काढायच्या मागं लागू नका. आधी वाचन आणि आकडेमोड पुन्हा बांधा, आणि तोवर वर्गातला अभ्यास त्याच्यापर्यंत कानांवाटे पोचवत राहा. दोन्ही एकाच वेळी करायचं. कसं, ते पुढे सांगते.

१. खंड पडलाय की अक्षमता आहे, ते आधी बघा

पालक शाळेत येऊन म्हणतात, "बाई, पोरगं बोलायला लई हुशार हाय, पण पुस्तक धरलं की गप्प." हे वाक्य गांभीर्यानं घ्या. तोंडी गोष्ट रंगवून सांगणारं, बाजारात हिशेब करणारं मूल वाचताना अडखळत असेल, तर फरक नेमका कुठं आहे ते त्यातूनच कळतं.

सर्वात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून मागं पडलेली मुलं प्रत्येक शाळेत सापडतात. त्यानंतर सहा ते आठ आठवडे रोज, नीट, पायरीपायरीनं शिकवा. नुसता खंड पडला असेल तर एवढ्यात मूल स्पष्टपणे पुढं सरकतं. बरोबरची मुलं सरकली आणि हे तिथंच राहिलं, घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल सुरूच राहिली, एकच शब्द एका ओळीत बरोबर आणि पुढच्या ओळीत चूक वाचला जात असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची वेळ झाली. दरम्यान त्याला आळशी म्हणू नका, आणि स्वतःहून डिस्लेक्सियाचं (वाचनातल्या अध्ययन अक्षमतेचं) लेबलही लावू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकरात लवकर ओळखणं आणि त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलणं ही जबाबदारी या कायद्यानं शाळांवर टाकली आहे. पालकांनी हे शाळेत सांगायला बिचकू नये.

२. पाय कुठं टेकतात ते शोधा

दुखापतीनंतर तालमीत परतलेल्या मल्लाला वस्ताद पहिल्याच दिवशी जोड लावून देत नाही, जोर-बैठकांपासून सुरुवात करतो. इथंही इयत्ता विसरा. सहावीतल्या मुलाची सुरुवात पहिल्या वेलांटीपासून करावी लागली तर तिथूनच करा.

तीन दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, खेळीमेळीत तपासा. पहिल्या दिवशी अक्षरपट्ट्या: सुटी अक्षरं, मग काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार लागलेली. दुसऱ्या दिवशी जोडाक्षरं नसलेला छोटा उतारा आणि जोडाक्षरं असलेला एक. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. त्याच उताऱ्यावरचे प्रश्न तुम्ही वाचून दाखवून तोंडी विचारा. कळतंय पण वाचता येत नाही, की ऐकूनही कळत नाही, हा फरक इथं उघड होतो. तिसऱ्या दिवशी दहा शब्दांचं श्रुतलेखन आणि थोडी आकडेमोड.

दहापैकी नऊ जिथं बरोबर येतात ती जागा म्हणजे पक्की जमीन. शिकवणं तिथून सुरू. तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा, महिन्यानं हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

३. पहिला आठवडा हलका ठेवा

पुरानंतर परतलेल्या मुलाचं दप्तर गेलेलं असतं, कधी घरही. वह्या-पुस्तकं आधी मिळवून द्या. पावसाचा जोर वाढला की काही मुलांचं लक्ष खिडकीकडेच लागतं, त्यावरून रागावू नका. या आठवड्यात चाचणी नको, आणि वर्गासमोर उभं करून वाचायला लावणं तर नकोच. हा नियम मी पुढंही कायम ठेवीन.

४. रोजचा अर्धा तास

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज अर्धा तास कितीतरी जास्त कामाचा. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळची. पहिली पाच मिनिटं कालच्याची उजळणी. पुढची दहा मिनिटं नवीन, पण एकच गोष्ट. मग शब्द आणि एखादं वाक्य लिहिणं. शेवटी एकत्र वाचन.

नवीन गोष्ट शिकवताना डोळा, कान, तोंड आणि हात चारही कामाला लावा. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरून बोटानं अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्यानं आवाज काढायचा. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. घ पक्का झाला की काही दिवसांनी ध आणा.

आपल्या लिपीच्या काही जागा या मुलांना हमखास अडवतात, तिथं वेळ द्या. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. मूल "दिवा" लिहिताना गोंधळतं ते यामुळं. आधी "द" लिहू द्या, आवाज काढू द्या, आणि मग मागं येऊन वेलांटी काढू द्या. रफाराचं याच्या उलट: "गर्दी" म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. त्यात र ची आणखी रूपं आहेत, "चक्र" मधलं, "राष्ट्र" मधलं, "वाऱ्यावर" मधलं. ही सगळी एका तक्त्यात दाखवून मोकळं होण्याची सवय आपल्याकडं आहे. या मुलासाठी एकेक रूप आठवडाभर चालवा. अनुस्वारही तसाच. "पंचगंगा" या एकाच शब्दात दोन अनुस्वार आहेत आणि दोघांचा आवाज वेगळा आहे. मुलाला तो शब्द तोंडानं येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा: पंचगंगा, रंकाळा, शिरोळ, जोतिबा, केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) बसवरच्या पाट्या. ओळखीचा शब्द तुकडे करून वाचायला धीर येतो.

शब्द तोडताना टाळी वाजवा. रं-का-ळा, तीन टाळ्या. मग पट्ट्या सरकवून शब्द जोडायचा, एक पट्टी बदलायची आणि नवा शब्द वाचायचा. पाठ केलेला शब्द आणि खरंच वाचलेला शब्द यांतला फरक इथं कळतो. चित्र बघून अंदाजानं वाचत असेल तर चित्र झाका.

एकत्र वाचन घरातलं कुणीही करू शकतं. थोरली बहीण, आजोबा, शेजारची ताई. दोघांनी एकाच वेळी मोठ्यानं वाचायचं, मोठ्या माणसानं आपला वेग मुलाच्या वेगावर आणायचा. मूल अडलं तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. नाहीच आलं तर शब्द सांगा आणि पुढं चला. "परवा तर येत होतं की रं तुला" हे वाक्य तेवढं टाळा. परवा येऊन आज न येणं हाच या अडचणीचा भाग आहे.

५. वर्गातला अभ्यास कानांवाटे

वाचन सुधारायला महिने लागतात. तेवढ्या महिन्यांत विज्ञान, इतिहास, भूगोल थांबला तर मूल ज्ञानातही मागं पडतं, आणि ते नुकसान आपण करतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, छापील पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे घरच्या माणसानं पाठ मोठ्यानं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. एका पाठाला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि नेट लागत नाही. मूल ऐकताना पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवतं.

शिक्षकांनी या काळात उत्तरं तोंडी घ्यावीत. लिहायचं असेल तिथं पाच वाक्यांऐवजी पाच शब्द, किंवा चित्राला नावं. फळ्यावरचं उतरवून घेण्याची सक्ती काढून टाका आणि शेजाऱ्याच्या वहीचा फोटो त्याला मिळू द्या. असं केल्यानं इतर मुलांवर अन्याय होत नाही.

६. गणित

मराठीत "पंचवीस" म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" असं वाचन दिलं तेव्हा मोठा वाद झाला होता. मोठ्यांचा तो वाद काहीही असो, या मुलांना ती पद्धत उपयोगी पडते. आधी "वीस पाच" म्हणून काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या मांडायच्या, मग "म्हणजेच पंचवीस" जोडायचं. एकोणतीस, एकोणसाठ सगळ्यात शेवटी.

पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून गणित सोडवू द्या. हातच्याची वजाबाकी दहाच्या आणि एकच्या नाण्यांनी करा, दहाचं नाणं मोडून दहा सुटे घ्यायचे. घरात दूध घालत असतील तर डेअरीची स्लिप हे उत्तम पुस्तक आहे: लिटर, फॅट, दर, रक्कम. सकाळच्या आणि संध्याकाळच्या स्लिपमधला फरक मुलाला काढू द्या. तो आकडा घरच्यांनाही हवा असतो, त्यामुळं मूल मन लावून काढतं.

७. मुलाचं एक पान तयार ठेवा

नवीन शाळेत, निवारा केंद्रात किंवा मामाच्या गावी मूल गेलं की तिथल्या शिक्षकाला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडं शिक्षण हमी कार्ड आहे, ते गाव सोडण्याआधी शाळेतून मागून घ्या. पण त्याच्या जोडीला एक पान हवंच. त्यात चारच गोष्टी लिहा: काय पक्कं आहे, सध्या काय सुरू आहे, कशानं जमतं (तोंडी विचारलं तर, ओळीखाली पट्टी धरली तर), आणि काय करू नये. त्या पानाचा, तपासणीच्या वहीचा आणि सगळ्या प्रमाणपत्रांचा फोटो दोन वेगवेगळ्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर.

८. कागदपत्रं आणि परीक्षा

आधी वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांशी बोला. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ नेमलेले असतात, त्यांची गाठ तालुक्याच्या गट साधन केंद्रातून पडते. शाळेनं लेखी कळवलं तर काम लवकर हलतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाची ८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ मुलाला तपासतात. दिव्यांग प्रमाणपत्राच्या कामासाठी जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय. कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर असतात ते आधी विचारून मगच मुलाला घेऊन जा, नाहीतर गडहिंग्लज-चंदगडकडून आलेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. जाताना जुन्या वह्या बरोबर न्या. खंडापूर्वीची एखादी वही सापडली तर ती सोन्यासारखी, कारण अडचण आधीपासून होती हे त्यातून दिसतं.

दहावीच्या बोर्ड परीक्षेत या मुलांना दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा) अशा सवलती आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच कागद पूर्ण करा. आणि लेखनिक घ्यायचं ठरलं, तर किमान दोन-तीन महिने आधीपासून सराव करून घ्या: उत्तर मनात जुळवायचं, वाक्य पूर्ण करून सांगायचं, विरामचिन्ह कुठं ते सांगायचं, आकृतीत कोणतं नाव कुठं घालायचं ते बोटानं दाखवायचं. शाळेतल्या सहामाही परीक्षेपासूनच सवलती मागा, म्हणजे बोर्डाच्या पहिल्या पेपरला मुलाला लेखनिकाशी पहिल्यांदा बोलावं लागणार नाही.