जुनी जीप खोलण्याआधी तिच्या नोकरीचा माग असा काढा

गंजलेली जुनी जीप दारात आली की आधी तिच्यावर पाण्याचा फवारा मारावासा वाटतो. तो मारू नका. बंपरवरचा अर्धवट पुसलेला आकडा, डॅशबोर्डावरची बुजवलेली भोकं, चेसिसवरचे जोड हे तिचं सेवापुस्तक आहे, ती आधी कुठे आणि कोणाकडे राबली हे त्यातून कळतं. धुऊन, घासून, लांबी (पुटी) भरून झाली की ते परत वाचता येत नाही.

सुरुवात गाडीच्या ओळखीपासून करा. महाराष्ट्रात सापडणाऱ्या पेट्रोल जीपपैकी बऱ्याच महिंद्राने बांधलेल्या सीजे-३बी घाटाच्या असतात. बोनेट उंच असतं, कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आले आणि इंजिनाची उंची वाढली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यूच्या जाळीला 9 खाचा असतात, स्टेपनी मागे असते आणि फाळका नसतो. नागरी मॉडेलला 7 खाचा आणि मागे उघडणारा फाळका असतो. सुट्या भागांवर किंवा बोल्टच्या माथ्यावर इंग्रजी ‘एफ’ कोरलेला दिसला तर तो भाग फोर्डचा. एकाच गाडीत दोन्हीकडचे भाग मिळणं नेहमीचंच, कारण सेनादलाच्या वर्कशॉपांत गाडी कोणाची हे न पाहता भाग बसवले जात.

डिफरन्शिअल (मागच्या ॲक्सलमधला, चाकांना फिरवणारा गिअरसंच) मूळचं आहे का, हे न खोलताही कळतं. पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला आणा, फोर-व्हील सोडा आणि मागची दोन्ही चाकं उचला. हँडब्रेक सोडायला विसरू नका. या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर लागतो, त्यामुळे ओढलेला असेल तर शाफ्ट हलणारच नाही. आता दोन्ही चाकं बरोबर एकेक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने केलेल्या खुणेचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी भरले तर 4.88, म्हणजे युद्धकाळातलं प्रमाण. सव्वापाचाच्या किंचित वर गेले तर 5.38, म्हणजे नागरी. ३बीखाली 4.88 निघालं तर तो ॲक्सल बहुधा भंगार बाजारातून आलेला आहे.

चेसिस नंबरावर ग्राइंडर कधीच लावू नका. थिनर, पितळी ब्रश आणि सुती कापड पुरेसं आहे. मग आरटीओत घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. अक्षरांची खोली कमीजास्त असेल किंवा आजूबाजूला घासल्याच्या रेघा असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. नागरी इंजिनाचा नंबर वॉटर पंपाजवळच्या सपाट उंचवट्यावर असतो, एमबीचा ब्लॉकच्या उजव्या बाजूला ऑइल फिल्टरपाशी. आरसी बुकाशी इंजिन नंबर जुळला नाही म्हणून लगेच चोरीचा संशय घेऊ नका, सरकारी गाड्यांची इंजिनं ओव्हरहॉलमध्ये बदलली जात. पण बदलाची नोंद नसेल तर नोंदणीत अडचण येते.

सगळ्यात जास्त वेळ रंगाला द्या. पुन्हा रंगवताना ब्रश जिथे पोचला नाही अशा जागा निवडा: डॅशबोर्डाची आतली बाजू, ड्रायव्हर सीटखाली टाकीची बैठक, टूलबॉक्सचा तळ, माहितीपट्टीच्या मागचा भाग. 400 नंबरच्या वॉटर पेपरने सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ घासा, मधोमध पत्र्यापर्यंत आणि कडेला हलकं. नंतर 800 आणि 1200ने गुळगुळीत करा. थरांची कडी दिसू लागतात, ती आतून बाहेर वाचायची. घासणं कायम ओलं आणि तोंडाला मास्क, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. रेड ऑक्साइड आणि राखाडी सरफेसर या रंगाखालच्या अस्तराला रंग समजण्याची चूक बरेच जण करतात. जुने आकडे शोधायला अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. रंगाखालची अक्षरं उठून दिसतात. वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे दोन अंक दिसले तर तो सेनादलाचा नंबर, ते दोन अंक वर्षाचे.

कामाच्या खुणा पत्र्यावरही राहतात. ट्रान्सफर केसच्या मागच्या झाकणाचे बोल्ट वारंवार उघडलेले आणि चेसिसला जाड ड्रॉबार असेल तर पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडावर) शेतीची अवजारं चालली असावीत. काचेची चौकट मधोमध दुभंगलेली आणि मागच्या तळात जाड पट्ट्यांची भोकं असतील तर रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेच्या जीपची शक्यता तपासा. मागच्या पाट्यांत भर, फाळक्याच्या जागी पायरी आणि गिअरबॉक्समागे चेसिसला जोड देऊन वाढवलेली लांबी दिसली की गाडी वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, चालली आहे असं धरा. ३बीचा व्हीलबेस 2032 मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी मोजा; जोड वाकडा असेल तर फरक टेपवरच दिसतो. इंजिनाच्या माउंटिंगवर गॅसकटरच्या खुणा असतील तर मध्ये कधीतरी डिझेल इंजिन बसलं होतं.

कागद यानंतर. आधी आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा. आरसी बुक फाटलेलं असलं तरी नोंदवहीतला तपशील त्यातून मिळतो. महाराष्ट्रात 1989पूर्वीचा नंबर बहुधा ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे अंक असा असतो. पहिला मालक सरकारी खातं असेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा, मुदत 30 दिवस. ‘गाडीचा इतिहास द्या’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. जडसंग्रह (खात्याच्या टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतली नोंद, निर्लेखनाचा (गाडी वापरातून काढल्याचा) आदेश, लिलावाची ताबा पावती आणि लॉगबुक असे वेगवेगळे कागद नावानिशी मागा आणि चेसिस नंबर व जुना नोंदणी क्रमांक दोन्ही द्या.

पहिल्या नोंदणीची तारीख इथेच पक्की करून घ्या. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी त्या तारखेपासून 50 वर्षांपेक्षा जुनी लागते आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. वाढवलेली चेसिस आणि डिझेल इंजिन इथे आड येतं.

आता रंग ठरवा. मुंबईत बांधलेल्या, बांधकाम खात्यात राबलेल्या ३बीवर अमेरिकी पांढरा तारा काढणं म्हणजे तिची खरी नोकरी पुसणं. वर्तुळात जो सर्वांत आतला रंग निघाला त्याची छटा दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या, आणि टूलबॉक्सच्या तळातलं एक वर्तुळ क्लिअर लॅकर मारून तसंच ठेवा.