ब्यूनोस आयर्सला एकच दिवस उरला? मग असं करा
पेरू, पॅटागोनिया सगळं फिरून शेवटी ब्यूनोस आयर्सला एकच दिवस उरला ना, तर आमच्यासारखी पळापळ करू नका राजेहो. बॅगा हॉटेलात टाका नि सकाळीच रेकोलेताचं कब्रस्तान गाठा, एविताची (अर्जेंटिनाच्या गाजलेल्या फर्स्ट लेडी एवा पेरोन) कबर तिथंच आहे, पण बोळ इतके की आपली नागपूरची इतवारी आठवते. मग १८५८ पासूनच्या कॅफे तोर्तोनीत कॉफी, रांग असते बरं का. रविवार असला तर बाकी सगळं सोडा, सरळ सान तेल्मो भागातला रस्त्यावरचा बाजार गाठा. बस-मेट्रोला सुबे नावाचं रिचार्जचं कार्ड चालतं. लोक जेवतातच रात्री ९ नंतर, व्हेजवाल्यांनी चीजचे एम्पानादा (आपल्या करंजीसारखे, आत सारण भरलेले) मागायचे, तिखट मात्र नावालाही नाही, सावजीची लय आठवण येते बाप्पा! एझेइझा विमानतळ शहरापासून साधारण ३० किमी, लवकर निघा.